सतरावा ठिपका

बोरसे सर संगणकाच्या पडद्यावर लग्नपत्रिकेचा तुकडा चिकटवून काम करायचे. जुन्या पत्रिकेचा जाड कागद, कर्कटकाने गोल आखून ब्लेडने कापलेला, साधारण पेढ्याएवढा. पडद्याच्या बरोबर मध्यभागी, चिकटपट्टीने. पहिल्या दिवशी मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा मला वाटलं, पोरांचा काहीतरी चावटपणा असेल. मी नखाने तो गोल खरवडायला लागले, तर मागून आवाज आला, “राहू द्या, मॅडम. त्याच्याखाली काही फुटलेलं नाही. त्याच्याखाली फार उजेड आहे.”

मी मागे वळून पाहिलं. उंच, वाळकुडा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात नुकताच धुतलेला चष्मा. तो चष्म्याचं पाणी झटकत म्हणाला, “उजेड दिसला की डोळा तिथंच जाऊन बसतो. आपलं काम कडेला आहे.”

जळगावच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. निंबा बोरसे हे तिथले जुने प्राध्यापक. मूळ गाव साक्री तालुक्यातलं, घर धुळ्यात देवपूरला. सोमवार ते शनिवार ते पिंप्राळ्यात एका खोलीवर राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने धुळ्याला जायचे. वर्गात ते स्वच्छ, छापील मराठी बोलत. पण राग आला, आनंद झाला किंवा एखादी गोष्ट मनापासून पटली की त्यांच्या तोंडून अहिराणीच निघायची. माझं माहेर रावेरकडचं, आमची बोली वेगळी. त्यामुळे सर जेव्हा अगदी मनातलं बोलत, नेमकं तेव्हाच मला ते अर्धंमुर्धं कळायचं.

त्या पडद्यावर असायच्या दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची अफाट बेटं, मध्याशी झगझगीत. त्यातही सरांचा जीव जडला होता तो एकमेकींना धडकणाऱ्या दीर्घिकांवर. अवकाशात फिरणाऱ्या क्ष-किरण दुर्बिणींनी टिपलेली माहिती काही काळाने सगळ्यांसाठी खुली होते, ती कोणीही उतरवून घेऊ शकतं, हे मला सरांकडून कळलं. “आपली दुर्बीण आभाळात आहे आणि तिला रात्रीची गरज नाही,” ते म्हणायचे. “आपण चाकरमानी खगोलशास्त्रज्ञ. अकरा ते पाच.”

दीर्घिका धडकतात म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी फळ्याकडे न जाता खुर्ची माझ्याकडे वळवली.

“आमच्या गल्लीत एकदा दोन वराती समोरासमोर आल्या. गल्ली एवढीशी. मला वाटलं, आता मारामारी होणार. पण माणसं अंग चोरून एकमेकांतून निघून गेली, कोणाचा कोणाला धक्का नाही. गुलाल मात्र अडकला. इकडचा तिकडच्यात मिसळला, गल्लीभर लाल ढग झाला. दीर्घिकांचं तसंच. तारे म्हणजे माणसं, ते निघून जातात. वायू म्हणजे गुलाल. तो अडकतो, दाबला जातो, आणि त्या दाबात नवे तारे जन्माला येतात. एक-दोन नाही, ढिगानं.”

“आणि क्ष-किरण?”

“जे तारे फार मोठे जन्मतात, ते फार लवकर संपतात. संपल्यावर मागं कृष्णविवर उरतं. शेजारी एखादा तारा असला तर ते त्याला ओरबाडत राहतं. ओरबाडलेला वायू आत पडता पडता इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. म्हणून जिथं क्ष-किरणांचा लखलखीत ठिपका, तिथं जवळपास नुकताच ताऱ्यांचा पाळणा हललेला असतो. मी ते ठिपके मोजतो. बस, एवढंच माझं काम.”

एवढंच काम ते अकरा वर्षं करत होते. उपप्राचार्यांनी एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, “बोरसे सर, त्या दीर्घिकांचा जळगावला उपयोग काय?” सर चहा पीत होते. कप खाली ठेवून अगदी नम्रपणे म्हणाले, “जळगावले नही, सायेब. माले शे.” स्टाफरूम हसली, उपप्राचार्यही हसले. सर हसले नाहीत. त्यांना खरंच उपयोग होता, त्यांनी विनोद केलाच नव्हता.

हळूहळू मीही त्या कामात ओढली गेले. मला प्रोग्राम लिहिता यायचा, सरांना तो यायचा नाही. सरांना चित्र वाचता यायचं, ते मला यायचं नाही. आम्ही एकच जोडी घेतली होती. तिला नाव नव्हतं, यादीतला क्रमांक तेवढा होता. दोन दीर्घिका एकमेकींना घासून गेलेल्या, आणि मागे वायूची, ताऱ्यांची लांब शेपटी राहिलेली. क्ष-किरणांत तो सगळा पसारा म्हणजे काळ्या पडद्यावरचे तुरळक कण. एखाद्या ठिपक्यातून अख्ख्या निरीक्षणात नऊ प्रकाशकण आलेले असायचे. नऊ! मला ती चेष्टाच वाटायची. मी म्हणायचे, हा सोडून देऊ या का, सर? त्यावर ते म्हणायचे, “पाहुणा कोट्यवधी वर्षं चालून दारात आला. त्याला बस म्हणा, नाव विचारा.”

मे महिन्यात जळगावात दुपारी पंख्याचा वारासुद्धा भाजतो. संगणक तापून बंद पडायचा. सर ओला पंचा खिडकीला लावायचे आणि संगणक थंड होईपर्यंत वही काढून बसायचे. प्रत्येक ठिपक्याला वहीत एक पान होतं. कुठे आहे, किती कण आले, जवळ नवे तारे आहेत का, की हा आपल्या जोडीचा नसून फार मागचं काहीतरी आरपार दिसतंय. “आपलं ‘बहुतेक’ आपल्या पोटात ठेवायचं,” ते सांगत. “कागदावर आहे किंवा नाही.” मी घाई केली की पेन माझ्याकडे रोखून म्हणायचे, “घाई कसाले, माय? त्या काय पळी जाई ऱ्हायनात का?”

दोन वर्षांनी आमचा लेख तयार झाला. शेपटीत जिथे जिथे नवे तारे जन्मत होते, तिथे तिथे तेजस्वी क्ष-किरण ठिपके अपेक्षेपेक्षा जास्त होते, हे त्याचं सार. सरांनी स्वतःचं नाव आधी, माझं नंतर टाकलं. मी म्हटलं, माझं नको. ते म्हणाले, “मग प्रोग्राम काय माझ्या आजोबांनी लिहिला?” लेख परदेशातल्या एका नियतकालिकाकडे गेला. तो गेला त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना शेव-मुरमुरे वाटले, कारण विचारलं तर सांगितलं नाही.

तो सोमवार आला त्यानंतर जवळजवळ चार महिन्यांनी.

सकाळी साडेसात झाले असतील. मी मुलीची वेणी घालत होते, तिची रिक्षा दारात हॉर्न वाजवत होती. सरांचा फोन आला. सोमवारी या वेळेला ते धुळ्याहून निघालेल्या बसमध्ये असायचे. मागे इंजिनाची घरघर होती. सर काहीतरी बोलत होते, पण शब्द एकमेकांवर चढल्यासारखे येत होते. “सतरा,” एवढं मला स्पष्ट ऐकू आलं. मग काहीतरी पुटपुटणं, मग पुन्हा, “सतरा... माय... सतरा.” त्या रस्त्याला रेंज नेहमीच जाते. मी म्हटलं, “सर, आवाज तुटतोय. कॉलेजात बोलू.” आणि फोन ठेवला.

आवाज तुटत नव्हता.

बस जळगावच्या स्थानकात पावणेदहाला लागली. सगळे उतरले, खिडकीजवळचे एक गृहस्थ उतरले नाहीत. कंडक्टरला वाटलं, झोप लागली असेल. त्याने खांदा हलवला तेव्हा सरांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात मांडीवर परक्या माणसाचा असावा तसा पडला होता. त्यांच्या फोनवर शेवटचा नंबर माझा होता. म्हणून कंडक्टरने मलाच फोन केला.

दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, सुरुवात कधी झाली? मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते पहिल्या काही तासांतच देता येतं. मी सांगितलं, साडेसातला फोन आला होता, बोलणं अडखळत होतं. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “तेव्हा तुमच्या लक्षात आलं नाही?” त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता, त्यांना फक्त वेळ लिहायची होती. मी नाही म्हटलं. धुळ्याला फोनवर सरांच्या पत्नीशी ते बोलले आणि मग त्यांनी कागदावर साडेसात खोडून सहा लिहिलं. तपासण्या होईस्तोवर वेळ उलटून गेली होती.

सरांचा जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावलं की ऐकलेलं त्यांना पुष्कळसं कळतंय, डोक्यात विचारही येतायत, पण विचार शब्दापर्यंत पोचत नाही, आणि हातापर्यंतही नाही. डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघा उमटायच्या. सगळ्या भाषेतला एकच शब्द त्यांच्याकडे शिल्लक राहिला होता, तो अहिराणीतला. बठ्ठं. म्हणजे सगळं. पाणी हवं असलं तरी “बठ्ठं,” पंखा नको असला तरी “बठ्ठं.” मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या सुरात, ते एवढंच म्हणत राहिले.

महिन्याभराने त्यांना धुळ्याला घरी नेलं. मी दर रविवारी सकाळच्या बसने जायला लागले. सरांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचे. बुटक्या, ठसठशीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या सरांना पहिलीच्या पोराला शिकवावं तसं शिकवायच्या. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की पाठ असलेल्या गोष्टी कधीकधी आपोआप बाहेर पडतात, त्या म्हणून घ्या.

त्या सोमवारी सकाळी सरांना कशाबद्दल बोलायचं होतं, ते मला झटक्यानंतर तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी ई-मेल उघडला तर त्या सोमवारी पहाटेच नियतकालिकाचं पत्र आलेलं होतं. आमचा लेख वाचून परीक्षकाने सहा प्रश्न विचारले होते. ते समाधानकारक सुटले तर लेख छापू. सरांनी ते पत्र बसमध्ये, फोनवर वाचलं असणार. चौथा प्रश्न असा होता: तुमच्या यादीतला सतरावा स्रोत इतका तेजस्वी आहे, शेपटीतल्या नव्या ताऱ्यांच्या जवळ आहे, तो धरला तर तुमचंच म्हणणं अधिक भक्कम होतं. मग तो तुम्ही का वगळला?

पाच प्रश्नांची उत्तरं मी सरांच्या वह्यांतून काढली. चौथ्यासाठी सतराव्या ठिपक्याचं पान उघडलं. जागा लिहिलेली, कण लिहिलेले. खाली सरांच्या टपोऱ्या अक्षरात दोन वाक्यं. “सोडला. कारण माहीत.”

मी ते पान किती वेळा वाचलं असेल! इतर ठिपक्यांवर चार-चार ओळी लिहिणाऱ्या माणसाने इथे नेमकं हेच लिहून ठेवलं होतं. आणि मी त्यांना तेव्हा विचारलं नव्हतं, कारण मला वाटलं होतं, विचारू कधीतरी.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेले. पडद्यावर ते चित्र आलं आणि सर पलंगावर सरळ झाले. चेहऱ्याची चांगली बाजू उजळली. मी सतराव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “सर, हा का सोडला?”

“बठ्ठं,” सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अगदी स्वच्छ, विस्तारानं समजावून सांगण्याचा सूर होता. हात हलत होता, भुवया वर जात होत्या, मध्येच ते थांबून मला कळलं का म्हणून पाहत होते. वर्गात शिकवत तसे. फक्त सगळ्या वाक्यांत तो एकच शब्द होता.

मग मी हो-नाहीचे प्रश्न करून नेले. “सर, हा मागच्या एखाद्या दूरच्या दीर्घिकेचा आहे का? मान हलवा.” त्यांनी हो केलं. मी थरारून पुन्हा तेच विचारलं, तर नाही केलं. “की आपल्याच आकाशगंगेतला जवळचा तारा आहे?” हो. “दुर्बिणीचा दोष?” हो. तिसऱ्या होला त्यांच्याच लक्षात आलं की मान आपलं ऐकत नाहीये. त्यांनी डावी मूठ गादीवर आपटली. फक्त एका प्रश्नाला ते कधी चुकले नाहीत. “मग हा ठिपका धरून टाकू का लेखात?” असं मी कितीही वेळा, कसंही फिरवून विचारलं तरी त्यांचा डावा हात जोरात आडवा व्हायचा. नाही. नाही.

अक्का त्यांच्याकडून आकडे म्हणून घ्यायच्या. “एक,” अक्का म्हणायच्या, आणि काय आश्चर्य, सर पुढे म्हणायला लागायचे. दोन, तीन, चार. जुना आवाज, जुने उच्चार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आनंदाने उभीच राहिले. दहा, अकरा, बारा. सोळा, सतरा. आणि तिथे ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. ओठ पुढच्या शब्दासाठी जुळले, उघडले, पुन्हा जुळले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अक्कांना वाटलं अठरा आठवत नाही. त्या म्हणाल्या, “अठरा, म्हना ना, अठरा.” मला माहीत होतं की त्यांना अठरा नको होता.

असे पाच-सहा रविवार गेले. मी दर वेळी नवीन युक्ती घेऊन जायचे. चित्रांचे पत्ते, शक्यतांच्या चिठ्ठ्या, बोट ठेवायचे कागद. एका रविवारी चिठ्ठ्या मांडताना सरांनी डोळे मिटून घेतले आणि उघडलेच नाहीत. अक्कांनी माझ्या हातातल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

“माय, तू इतली लांबथून येस, माले गोड वाटस,” त्या म्हणाल्या. अक्का माझ्याशी एरवी शाळेतलं मराठी बोलायच्या, त्या दिवशी नाही. “पन तू येस ते सतरानंच इचारस. त्यास्ले भूक शे का, त्यास्नी पाठ दुखस का, कोनीच इचारत नही. तू जास आनि त्या रातदिन तोंड हालावतस. नको आते.” मी गेल्यावर सर रात्रंदिवस ओठ हलवत राहायचे, हे मला तेव्हा कळलं.

मी ओट्याला टेकून उभी होते. तेव्हाच मला सांगावंसं वाटलं, जे मी माझ्या नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. म्हटलं, “अक्का, त्या सकाळी सरांनी मला फोन केला होता. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. मी तेव्हा ओळखलं असतं तर बस वाटेत पारोळ्यालाच थांबली असती.”

अक्कांनी गॅस बंद केला. “त्या दिवशी सहाला ते तयार होत होते,” त्या हळू आवाजात, पुन्हा मराठीत म्हणाल्या. “शर्टाची बटणं वरखाली लावली. मी म्हटलं, एवढे मोठे प्राध्यापक आणि बटणं लावता येत नाहीत? तर ते नुसते बटणांकडे पाहत राहिले. मीच सोडून पुन्हा लावली. वर रागावले, की बस चुकेल. दार मी उघडून दिलं, वैशाली. मी.”

आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसलो. एकमेकींना धीर द्यावा असं दोघींकडे काही नव्हतं. बाहेरच्या खोलीतून सरांचा आवाज आला, “बठ्ठं?” दोघी कुठे गेल्या, असं ते विचारत होते.

त्यानंतर मी रविवारी जायचे, पण लॅपटॉप न्यायचे नाही. केळ्याचे वेफर्स न्यायचे, पेपर वाचून दाखवायचे, सरांची नखं कापायचे. नियतकालिकाने एकदा मुदत वाढवून दिली होती, ती संपत आली. माझ्यापुढे सोपा रस्ता होता. सतरावा ठिपका धरायचा, लेख भक्कम करायचा, छापून आणायचा. सरांना कोणी विचारायला गेलं नसतं. दोन दिवस मी तो रस्ता धरलाही. आकडे नव्याने काढले, आलेखही सुंदर आला. पण पाठवायच्या वेळी तो आडवा होणारा हात डोळ्यांपुढे आला आणि बोट पुढे जाईना. दुसरा रस्ता एखादं पटण्यासारखं कारण रचायचा होता. तेही मला जमलं असतं. शेवटी मी खरं तेच लिहिलं: पहिल्या लेखकाने हा स्रोत विचारपूर्वक वगळला आहे, आजारामुळे ते कारण सांगू शकत नाहीत, आणि मला ते ठाऊक नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. पत्र सभ्य होतं. सरांच्या प्रकृतीला शुभेच्छा दिल्या होत्या. कारण न देता माहिती वगळता येत नाही, त्यामुळे लेख स्वीकारता येत नाही. त्यांचं काही चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. सरांनीसुद्धा दुसऱ्या कोणाचा असा लेख परतच पाठवला असता.

हे सरांना सांगायचं की नाही, यावर मी बसभर विचार केला. सांगितलं. ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. ऐकून त्यांनी मान खाली घातली. मग डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

पुढच्या थंडीत त्यांना दुसरा झटका आला. तो मात्र रेंगाळला नाही. मला फोन आला तेव्हा मी वर्गात प्रकाशाचं व्यतिकरण शिकवत होते. धुळ्याला पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. अक्का ओसरीवर बसून होत्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, “हाई त्यास्नी कॉलेजमाधली पोर.” माझं सांत्वन त्यांनीच केलं.

त्याला दीड वर्ष झालं असेल. आमच्या त्याच जोडीची एका मोठ्या दुर्बिणीने टिपलेली नवी चित्रं खुली झाली. मी ती कॉलेजात दुपारी उतरवून घेतली, सतराव्या ठिपक्याच्या जागी गेले आणि शक्य तितकं मोठं करून पाहिलं. तिथे शेपटीच्या पलीकडे, फार फार मागे, एक इवलीशी लालसर दीर्घिका होती. ठिपका तिच्या बरोबर मध्यावर. तो आमच्या जोडीचा नव्हताच. त्याचा आणि आमच्या नव्या ताऱ्यांचा काही संबंध नव्हता, केवळ एकाच रेषेत आल्यामुळे तो शेजारी दिसत होता.

सर बरोबर होते. पण त्यांच्याकडे हे चित्र नव्हतं. त्यांच्याजवळ होते फक्त मूठभर कण. त्यात त्यांना काय दिसलं होतं? मी त्या कणांची पुन्हा वर्गवारी केली, कमी ऊर्जेचे किती, जास्त ऊर्जेचे किती. काही हाती लागलं नाही. आजही लागलेलं नाही. कारण मिळालं, पण ते माझं कारण होतं, त्यांचं नव्हे.

लेख पुन्हा पाठवला. सतरावा ठिपका का वगळला याचं आता मी पुराव्यासह उत्तर दिलं, आणि शेवटी एक वाक्य जोडलं की पहिल्या लेखकाने हा निर्णय या चित्राच्या कितीतरी आधी घेतला होता, तो कशावरून, हे समजू शकलेलं नाही. संपादकांनी बाकी सगळं ठेवलं आणि ते वाक्य काढून टाकलं. लेखाला त्याची गरज नाही, असं कळवलं. मी एकदा लिहून पाहिलं, पुन्हा नकार आला, मग मी गप्प बसले.

छापून आल्यावर मी त्याची प्रत काढली, प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातली आणि धुळ्याला गेले. अक्का आता एकट्याच राहतात. थकल्यात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांनी आधी हात धुतले, पदराला पुसले, मग फाइल घेतली. इंग्रजी लेख, त्यातलं काही त्यांना कळणार नव्हतं. त्यांनी नाव शोधलं. बोट एकेका अक्षराखाली सरकवत वाचलं आणि म्हणाल्या, “स्पेलिंग बरोबर आहे.”

मग ते बोट नावाच्या शेवटी थांबलं. तिथे वरच्या बाजूला एक बारीकशी खूण होती. माझ्या नावापुढे ती नव्हती.

“हे काय?”

मी म्हटलं, “लेखक आता हयात नाहीत, याची खूण आहे ती, अक्का.”

त्यांनी कागद चांगल्या डोळ्याजवळ नेला.

“इतलीशी?” त्या म्हणाल्या.